ब्लॉक निघाला, तरी डॉक्टर रोज छातीला स्टेथो का लावतात?

अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला, दुसऱ्या दिवशी पेशंट चहा पीत विचारतोय घरी कधी सोडणार, नातेवाईकही निवांत. डॉक्टर मात्र रोज सकाळी येऊन स्टेथो लावून ऐकत राहतात. कालपर्यंत नसलेला एखादा घरघरता आवाज, मर्मर म्हणतात त्याला, तो आज ऐकू येतोय का ते बघत असतात.

त्याचं असं आहे की रक्त न मिळून मेलेला हृदयाचा स्नायू तसाच पडून राहत नाही, पांढऱ्या पेशी येऊन तो साफ करायला लागतात, आणि त्या जागी चिवट व्रण तयार व्हायला काही आठवडे जातात. मधल्या काळात, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी, ती जागा एकदम मऊ असते (पहिल्या २४ तासांतही फाटू शकतं म्हणा). हाताला प्लास्टर घालता येतं, हृदयाला कुठून घालणार, ते मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा आवळणारच.

बाहेरची भिंत फाटली तर रक्त हृदयाभोवतीच्या पिशवीत साठतं आणि बऱ्याचदा काही मिनिटांत खेळ खलास. झडपेच्या दोऱ्या धरणारा स्नायू तुटला तर रक्त उलटं जाऊन फुफ्फुसांत पाणी भरतं. आणि दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक पडलं तर ऑपरेशनशिवाय ९० टक्क्यांहून जास्त पेशंट जातात. या शेवटच्या दोन्हींत रक्त भलतीकडे जातं, त्याचाच बऱ्याचदा तो नवा मर्मर. हे सगळं आता दुर्मिळ झालंय, पडद्याचं भोक पूर्वी शंभरात एक-दोघांना व्हायचं, गुठळी विरघळवणारी इंजेक्शनं आल्यावर हजारात दोघांवर आलं.

अमेरिकेतले हार्ट सर्जन डेंटन कूली यांनी १९५६ मध्ये असं भोक पहिल्यांदा बुजवलं. पण टाका धरायला पाहिजे ना, भिजलेला पापड शिवून बघा म्हणजे कळेल. अमेरिकेतल्या १९९९ ते २०१० मधल्या २,८७६ ऑपरेशन्सचा हिशोब असा, अटॅकनंतर आठवड्याच्या आत केलेल्यांत ५४ टक्के दगावले, नंतर केलेल्यांत फक्त १८. मग सरळ थांबावं की! नाही, इथेच गोची आहे, थांबू शकले ते मुळातच जरा बरे होते, बाकीचे वाट बघतानाच गेले आणि त्यांची या हिशोबात नोंदच नाही. म्हणून झेपत असेल तर बलून पंप (हृदयाचा भार हलका करणारा, महाधमनीत बसवलेला फुगा) किंवा एकमो (हृदय-फुफ्फुसांचं काम बाहेरून करणारं यंत्र) लावून व्रण धरेपर्यंत दिवस काढतात.

धोका कोणाला जास्त? वय झालेले, बायका, आणि गंमत म्हणजे पहिलाच अटॅक असलेले, कारण ज्यांच्या छातीत आधीपासून अधूनमधून दुखायचं त्यांच्या हृदयात आजूबाजूने बारीक रक्तवाहिन्या वाढलेल्या असतात, त्या थोडं रक्त पुरवतात. आणि उशिरा आलेले. म्हणून कॅज्युअल्टीत डॉक्टर सारखं विचारतात, दुखायला नक्की कधी लागलं? आणि काकू सांगतात, "परवा रात्रीच ओ, पण हे म्हणाले गॅस झालाय, ओवा दे."