प्रभातचे गीतचित्रण

पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीच्या बोलपटांतील गाणी पडद्यावर मांडण्याची शैली. म्युझिक व्हिडिओ येण्याच्या कितीतरी दशके आधीची ही गाणी आजही अभ्यासण्याजोगी आहेत. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली ही कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली. लॉ कॉलेज रस्त्यावरील तिच्या स्टुडिओच्या जागेत १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

बोलपटांच्या आरंभी नट कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गात, वादक चौकटीबाहेर बसत. कॅमेऱ्याला फारसे हलता येत नसे आणि पुष्कळ गाणी नाटकातल्या पदांसारखीच दिसत.

‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) प्रभातने या अडचणीतूनच सामर्थ्य काढले. दिग्दर्शकांपैकी विष्णुपंत दामले ध्वनीचे जाणकार, तर फत्तेलाल कलादिग्दर्शनाचे. सुरुवातीला तुकोबांच्या भूमिकेतले विष्णुपंत पागनीस ‘पांडुरंग ध्यानी, पांडुरंग मनी’ गातात. समोरून घेतलेले, जवळजवळ स्थिर दृश्य; अंगविक्षेप नाहीत, चेहऱ्यावर फक्त तल्लीनता. पुढे हेच शब्द तुकोबांचा मत्सरी प्रतिस्पर्धी सालोमालो स्वतःचे म्हणून देवळात गातो, तेव्हा हातवारे येतात, नाटकी ढंग येतो, श्रोत्यांवर छाप पाडण्याची धडपड येते. शब्द तेच असूनही खरा भक्त कोण, हे एकाही संवादाशिवाय कळते. मराठी पडद्यावर गाण्याने पात्र इतके नेमके उभे केल्याची उदाहरणे थोडीच. पागनीसांच्या गायनातल्या या साधेपणाचा प्रभाव असा, की शांताराम आठवले यांनी लिहिलेले आणि केशवराव भोळे यांनी स्वरबद्ध केलेले ‘आधी बीज एकले’ अनेकांना तुकोबांचाच अभंग वाटत आले आहे.

व्ही. शांताराम यांची वाट निराळी. ‘कुंकू’मध्ये (१९३७) त्यांनी पार्श्वसंगीत टाळले आणि भोवतालचे आवाजच वापरले. त्यामुळे शांता आपटे गाऊ लागतात, तेव्हा त्या गाण्याला वेगळाच उठाव येतो. ‘माणूस’मधील (१९३९) ‘कशाला उद्याची बात’ हे अनंत काणेकरांचे गीत, मास्टर कृष्णरावांचे संगीत आणि शांता हुबळीकरांचा आवाज. हुबळीकरांनी साकारलेली वेश्या मैना वेगवेगळ्या प्रांतांच्या गिऱ्हाइकांना त्यांच्या त्यांच्या भाषेत रिझवते. कडव्यागणिक भाषा बदलते, तिच्याबरोबर अदाही. गाणे वरवर उडते आहे, पण ते रिझवणे हाच मैनेचा रोजचा धंदा असल्याचे प्रेक्षक विसरत नाही. शांतारामांनी तिला गिऱ्हाइकांच्या गर्दीतच गायला लावले आहे.