शोधखिडकीत नेमकं काय लिहायचं? मराठी साहित्याच्या अभ्यासकांसाठी माहितीपत्रक

प्रबंधाचं टंकलेखन, मुद्रितशोधन आणि बांधणी ही आमची रोजची कामं. हस्तलिखित घेऊन येणाऱ्या अभ्यासकांकडून एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, "नेटवर खूप शोधलं, काही मिळालं नाही." बऱ्याचदा हवं ते तिथे असतं. आपण लिहिलेली अक्षरं आणि तिथली अक्षरं जुळत नाहीत, एवढंच. संदर्भसूची छापायला गेल्यावर सापडलेली चूक फार महाग पडते, म्हणून हे पत्रक काम सुरू असतानाच तुमच्या हाती पडावं अशी आमची इच्छा आहे.

एकाच पुस्तकाची चार रूपं

विभावरी शिरूरकर यांचा 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह १९३३चा. त्यातल्या 'निःश्वास'चा विसर्ग नीट बघा. कीबोर्डवर विसर्ग पटकन सापडत नाही म्हणून पुष्कळ जण तिथे कोलन देतात. आपल्या डोळ्यांना दोन्हीकडे दोन टिंबंच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी चिन्हं आहेत, आणि कोलनपाशी शब्दाचे दोन तुकडे होऊ शकतात. कोणी विसर्ग गाळून 'निश्वास' लिहितं. आडनावही कुठे 'शिरूरकर', तर कुठे 'शिरुरकर'. ही सगळी रूपं एकेकदा टाकून पाहावीच लागतात. मग लेखिकेची नावं. विभावरी शिरूरकर हे टोपणनाव, बाळूताई खरे हे माहेरचं आणि मालतीबाई बेडेकर हे सासरचं. एकाच नावाने शोधलं तर त्यांच्यावरचं निम्मं लेखन हातून निसटेल.

असेच आणखी दोन चकवे आमच्या टेबलावर रोज दिसतात. 'सुऱ्या', 'दुसऱ्या' यांतला अर्धा र दोन पद्धतींनी टंकता येतो, आणि 'ॲ' हे अक्षरही. छापील पानावर फरक कळत नाही, पण शोधताना तो आड येऊ शकतो. शंका आली तर एखाद्या लेखातला तो शब्द तिथूनच कॉपी करून शोधखिडकीत चिकटवा.

जुनं पुस्तक जुन्या लेखनातच शोधा

मराठी लेखनाचे आजचे नियम १९६२मध्ये आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या छपाईत 'नांव', 'कांहीं', 'त्यानें' असंच सापडेल. 'घरांत' म्हणजे तिथे एकाच घरात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा मजकूर शोधताना आपलं आजचं शुद्धलेखन थोडा वेळ बाजूला ठेवावं लागतं. शिवाय स्कॅन केलेल्या पानांवरचा मजकूर यंत्राने वाचलेला असतो. त्याला घ आणि ध, भ आणि म यांत गल्लत होते, ख कधी 'रव' होतो. म्हणून लांबलचक वाक्य टाकू नका. त्यातले दोन-तीन दुर्मीळ शब्द निवडा.

अवतरणचिन्हांत शब्द दिले की तेच शब्द त्याच क्रमाने शोधले जातात, हे बहुतेकांना माहीत असतं. पण मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो. 'कादंबरी' असं अवतरणात दिलंत तर 'कादंबरीच्या', 'कादंबऱ्यांत' ही रूपं बाहेर राहू शकतात. अवतरणं कवितेच्या ओळीसाठी किंवा विशेषनामासाठी राखून ठेवा.

केशवसुतांची 'तुतारी' शोधायला गेलात तर आता निवडणूक चिन्हाच्या बातम्यांचा ढीग येईल. शब्दाला लागून आधी वजाचं चिन्ह दिलं की तो शब्द असलेली पानं गळतात, जसं की -निवडणूक. त्यापेक्षाही बरं म्हणजे शेजारी 'केशवसुत' आणि त्यांचं खरं आडनाव 'दामले' लिहिणं. 'अनिल' आणि 'ग्रेस' या कवींच्या बाबतीत तर आ. रा. देशपांडे, माणिक गोडघाटे ही खरी नावं जोडल्याशिवाय काही हाती लागत नाही.

एकाच संकेतस्थळात शोधायचं असेल तर रोमन लिपीत 'साइट' लिहा, लगेच कोलन द्या आणि जागा न सोडता पत्ता लिहा. प्रबंधांसाठी शोधगंगा, चरित्रनोंदींसाठी मराठी विश्वकोश. साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुष्कळ पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. इंटरनेट अर्काइव्हवर जुनी मराठी पुस्तकं भरपूर आहेत, पण कित्येकांची शीर्षकं रोमन लिपीत आणि मन मानेल त्या स्पेलिंगने नोंदवलेली आहेत. तिथे लेखकाचं आडनाव दोन-तीन तऱ्हांनी लिहून पाहा. चिकाटी ठेवली की फळ मिळतं.

जे शोधयंत्राला दिसतच नाही

युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर एकसारखी चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या आधी श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये जुळवलेल्या पीडीएफ पडद्यावर सुबक मराठी दाखवतात, पण त्यातली ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवली की नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं उमटतात. शोधयंत्रालाही तेच दिसतं. जुन्या नियतकालिकांचे कित्येक अंक तर स्कॅनच झालेले नाहीत. त्यासाठी ग्रंथालयच गाठायचं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३पासून आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८पासून हा ठेवा जपत आलं आहे. १८०० ते १९३७ या काळातलं पुस्तक खरंच निघालं होतं का, हे बघायला शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची आधी उघडा. मग नेटवर काय शोधायचं तेही नेमकं कळतं.

हल्ली निकालांच्या डोक्यावर तयार उत्तर झळकतं. ते वाचा, पण संदर्भ म्हणून देऊ नका. कधी न निघालेली पुस्तकं आणि चुकीची सालं त्यात बेमालूम मिसळलेली असू शकतात. एखादं साल तिथून घेतलं असेल तर मूळ पानावर तपासल्याशिवाय ते प्रबंधात जाऊ देऊ नका, ही आमची कळकळीची विनंती.

आमच्याकडे येताना प्रत्येक जुन्या पुस्तकाच्या शीर्षकपानाचा आणि त्यामागच्या पानाचा फोटो सोबत आणा. मुखपृष्ठ पुरत नाही, ते पुनर्मुद्रणाचं असू शकतं. शीर्षकपानावर शके असेल तर ७८ मिळवून इसवी सन काढा आणि सूचीत दोन्ही द्या. शके वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत छापलेलं असेल, तर ७९. श्रीलिपीतला जुना मजकूर युनिकोडमध्ये करून हवा असेल तर काम देतानाच सांगा. त्यातले विसर्ग आणि अर्धे र आम्ही हाताने तपासतो, त्याला दोन दिवस जास्त लागतात.