दूध पुढे, भूक मागे

गाय व्यायली की तिचं दूध चढायला लागतं आणि साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात सर्वात जास्त असतं. भूक मात्र दहाव्या-बाराव्या आठवड्यापर्यंत पूर्ण खुलत नाही. म्हणजे खर्च आधी, कमाई नंतर. "भरपूर दूध देणारी गाय लवकर गाभण राहत नाही" या नेहमीच्या तक्रारीचं मूळ बरंचसं याच तफावतीत आहे. दोष सरसकट दुधाच्या माथी मारणं मला पटत नाही.

दिवसाला ४० लिटर देणारी गाय घ्या. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, तयार करायला कासेला रक्तातलं ग्लुकोज लागतं. ४० लिटरसाठी रोज जवळपास ३ किलो! आणि गायीला खाण्यातून आयतं ग्लुकोज फारसं मिळतच नाही. कोठीपोटातले सूक्ष्मजीव चारा आंबवून त्याची आम्लं करतात, आणि त्यातल्या प्रामुख्याने प्रोपिऑनिक आम्लापासून यकृताला ग्लुकोज नव्याने घडवावं लागतं. व्यायल्यावर इन्सुलिन खाली येतं, त्यामुळे स्नायू साखर कमी उचलतात आणि ती कासेकडे जाते. कासेला साखर घ्यायला इन्सुलिनची गरज पडत नाही. वासरू जगावं म्हणून शरीराने केलेली ही सोय आहे. फक्त कुठल्याच वासराला ४० लिटर नको असतात.

उरलेली तूट चरबीतून भरून निघते. अंगावरची चरबी सुटते, यकृतात पोचते, आणि ती झेपेनाशी झाली की कीटोन, म्हणजे चरबी अर्धवट वापरली गेल्यावर उरणारे पदार्थ, रक्तात साचतात. हीच कितनबाधा. गाय पेंड सोडून नुसती वैरण चघळत बसते, श्वासाला नखांचं पॉलिश काढायच्या द्रावणासारखा वास येतो. (हा वास सगळ्यांच्या नाकाला कळत नाही.) व्यायच्या वेळी गुबगुबीत असलेली गाय यात जास्त अडकते, कारण ती व्यायल्यावर आणखी कमी खाते. अंगावर साठा असला की निभावून जाईल, हा हिशेब इथे उलटा पडतो.

कॅल्शियमचं गणित त्याहून अंगावर येणारं. गायीच्या रक्तद्रवात एका वेळी जेमतेम ३ ग्रॅम कॅल्शियम फिरत असतं, आणि १० लिटर चिकातून २० ग्रॅमच्या वर निघून जातं. हाडांतून आणि आतड्यातून ते वेळेत भरून आलं नाही तर गाय बसते. कान थंडगार, नाकपुड्या कोरड्या, मान वळवून कुशीवर टेकवलेली. नाव दुग्धज्वर, पण ज्वर नसतोच, उलट अंग गार पडतं. पशुवैद्यक शिरेतून सावकाश कॅल्शियम सोडतात, हृदयाचे ठोके ऐकत. थोड्या वेळात अंगावर थरथर उठते, ढेकर येतो, शेण पडतं आणि पुष्कळदा गाय स्वतःच उठून उभी राहते. पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच व्यायलेल्या गायीला हे सहसा होत नाही. तिसऱ्या वेतापासून (व्यायच्या खेपेपासून) धोका वाढतो, कारण वयानुसार हाडं कॅल्शियम सोडायला वेळ लावतात. कॅल्शियम थोडंसंच कमी असलं तरी गर्भाशयाचे स्नायू सैल पडतात, वार (वासरामागून पडणारी नाळेची पिशवी) अडकते, गर्भाशयाला सूज येते. पुढचं गाभण राहणं तिथेच लांबतं.

उपाशी शरीर प्रजननाला शेवटचा नंबर देतं. इन्सुलिन कमी असलं की मेंदूकडून बीजकोषाला जाणारे संकेत मंदावतात, बीजपुटिका (बीज वाढवणारी पिशवी) पिकत नाही आणि माज, म्हणजे गाय फळायला तयार असण्याचा काळ, लांबतो. पण तूट भरून आल्यावरही एक अडचण उरते. भरपूर दूध देणारी गाय भरपूर खाते, त्यामुळे यकृतातून रक्त जोरात वाहतं आणि माजाची संप्रेरकं तिथे झपाट्याने मोडली जातात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या २००४ च्या एका अभ्यासात जास्त दुधाच्या गायींचा माज सरासरी ६ तासांच्या आसपास टिकला, कमी दुधाच्या गायींचा जवळपास ११ तास. सकाळी आणि संध्याकाळी, धारेच्या वेळीच गायीकडे बघणाऱ्याला हा माज दिसणारच नाही. मग ती "मुक्या माजाची" ठरते आणि पुढच्या माजापर्यंत आणखी २१ दिवस जातात.

माणसाने पैदाशीसाठी वळू निवडताना केलेली चूकही यात आहे. नेब्रास्कात १९६२ साली जन्मलेल्या पॉनी फार्म अर्लिंडा चीफ या होल्स्टीन (भरपूर दूध देणारी जात) वळूला सुमारे १६ हजार मुली झाल्या. दुधाचे उत्तम गुण त्याने दिले, आणि सोबत एका जनुकातला दोषही. दोन्हीकडून तो दोष आलेला गर्भ पोटातच मरतो. असे सुमारे ५ लाख गर्भ गेले असावेत, असा संशोधकांचा अंदाज आहे. गंमत म्हणजे वाढलेल्या दुधाचं मोल त्या नुकसानीच्या कितीतरी पट भरलं. अमेरिकेत २००३ पासून वळूच्या मुली किती सहज गाभण राहतात, हेही निवडीत मोजलं जाऊ लागलं. प्रजननाची घसरण थांबली, आणि दूध तरीही वाढत राहिलं.

दरवर्षी वासरू हवं तर व्यायल्यापासून ८५ दिवसांत गाय गाभण राहायला हवी, म्हणजे नेमकी तूट भरून येत असताना. ज्या गायीचं दूध महिनोन्‌महिने टिकतं, तिच्यासाठी ही घाई कशाला, असा प्रश्न मला पडतो. रेतन (गाय गाभण करणं) थोडं पुढे ढकललं तर व्यायच्या त्या नाजूक आठवड्यांतून आयुष्यात तिला कमी वेळा जावं लागेल. मात्र दूध लवकर उतरणाऱ्या गायीला हे लागू नाही. ती गाभण नसलेल्या रिकाम्या महिन्यांत अंगावर चरबी चढवते आणि पुढच्या वेताला पुन्हा कितनबाधेच्या दारात उभी राहते.