घटप्रभेत शाळिग्राम का मिळत नाही?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या जुन्या घरांत देव्हाऱ्यात काळाभोर शाळिग्राम असतो. त्याच्या पोटातलं वळणदार चक्र म्हणजे अमोनाइट या समुद्री प्राण्याच्या शंखाचा ठसा. माकूळ आणि ऑक्टोपसच्या गोतातला हा प्राणी शंखाच्या शेवटच्या कप्प्यात राहायचा. शाळिग्राम येतो नेपाळातल्या गंडकी नदीतून, कारण सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी हिमालयाच्या जागी समुद्र होता.

मग आपल्या घटप्रभा नदीत तो का नाही? गोकाकचा धबधबा ज्या वालुकाश्मावरून कोसळतो तो कलादगी नावाच्या खडकांच्या गटातला, इतका जुना की तेव्हा शंख असलेला प्राणीच पृथ्वीवर नव्हता. त्याच्यावर पसरलेला बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. अमोनाइट नामशेष झाले तेही त्याच सुमारास. म्हणजे एक खडक फार आधीचा, दुसरा आगीतून आलेला. आपली काळी माती चिकण असली तरी ती समुद्राचा गाळ नव्हे, बेसाल्ट झिजून झालेली आहे. विहीर खणताना तिच्यात निघणारे पांढरे चुनखडीचे खडे शिंपले नव्हेत. गोकाकजवळ ममदापूरला मात्र लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळात शंख मिळाले आहेत, पण ते गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे. मला त्यांचं मोल अमोनाइटांपेक्षा कमी वाटत नाही: दोन उद्रेकांमधल्या उसंतीत इथे तळी होती, हे तेच सांगतात.

अमोनाइट बघायचेच तर तमिळनाडूत पेरंबलूर-अरियलूर भागातल्या कारै गावाकडे जावं. तिथली माती सुमारे ११ ते ९ कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचली. अशा बारीक गाळात प्राणवायू कमी, त्यामुळे मेलेला शंख पोखरणारे जीवही कमी. त्यातच जिवाणूंच्या करामतीने लोह आणि गंधक एकत्र येऊन पायराइट तयार होतं आणि कप्प्यांत भरतं. शाळिग्रामात कधी कधी चमकणारा सोनेरी कण तोच.

कारैची जमीन ओघळींनी चिरलेली, जवळपास उघडी. जिप्समचे पापुद्रे उन्हात चमकतात आणि बेलेम्नाइट या माकुळाच्या नामशेष नातलगांचे लांबट, टोकदार तुकडे पायाखाली येतात. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा, म्हणून त्यानंतर लगेच जावं. नवं काही धुऊन वर आलेलं असतं. ओघळीच्या तळाशी अमोनाइटचा तुकडा दिसला की तिथेच खणू नये. तसेच तुकडे कुठवर दिसतात ते बघत चढावर जावं. जिथे ते थांबतात, तिथेच कुठेतरी तो थर असतो.

हातोड्यापेक्षा खुरपं आणि ब्रश कामाचे. उचलण्याआधी फोटो घ्यावा आणि जागा, थर, वरची बाजू कागदावर पेन्सिलीने लिहून तो कागद नमुन्याबरोबरच वर्तमानपत्रात गुंडाळावा. थर माहीत नसलेला अमोनाइट सुंदर असतो, पण त्यावरून वय काढता येत नाही, आणि हे नुकसान नंतर भरून निघत नाही. वरचं कवच गेलं असेल तर भिंग लावून बघा: अंगावर पानाच्या कातरलेल्या कडेसारखी रेघ दिसेल. आतले पडदे कवचाला जिथे चिकटत, त्याची ती खूण. प्रजाती ओळखायला अभ्यासक याच रेघेचा आधार घेतात.

पायराइटचा नमुना घरी आणलात तर बेळगावच्या पावसाळ्यात जपा. दमट हवेत पायराइटपासून आम्ल तयार होतं, अंगावर पांढरी भुकटी धरते आणि कोट्यवधी वर्षं टिकलेला शंख काही वर्षांत भुगा होतो. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि दर पावसाळ्याआधी त्या बदला.