ग्लुटेनविरहित आहार व पचनाच्या तक्रारी

गहू, जव व राय (गव्हासारखे एक धान्य) यांतील ग्लुटेन हा प्रथिनसमूह पूर्णपणे वगळलेला आहार म्हणजे ग्लुटेनविरहित आहार. सीलिअ‍ॅक विकारावर, म्हणजे ग्लुटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होणाऱ्या रोगावर, हाच आजवरचा मान्य उपचार होय. गहू सोडल्यावर बहुतेकांचे ढाळ व पोटफुगी काही आठवड्यांत ओसरू लागते. काहींची मात्र ओसरत नाही, तर काहींना बद्धकोष्ठ, गुबारा, मळमळ असे नवेच त्रास सुरू होतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः या मागे राहिलेल्या वा नव्याने उद्भवलेल्या तक्रारींचा विचार केला आहे. निदानाच्या चाचण्या होण्याआधीच गहू सोडणे इष्ट नाही. कारण मग चाचणीत शोधली जाणारी रक्तातील प्रतिपिंडे उतरतात, आतड्याचे अस्तर भरून येऊ लागते आणि चाचणी फसवी ठरते.

ग्लुटेन हा शब्द लॅटिन असून त्याचा अर्थ सरस किंवा खळ. कणकेचा गोळा पाण्याच्या धारेखाली मळत राहिल्यास स्टार्च दुधासारखे वाहून जाते आणि हातात राखाडी, रबरासारखा ताणला जाणारा लगदा उरतो, तोच ग्लुटेन. इटलीतील बोलोन्या येथील शास्त्रज्ञ बेक्कारी यांनी तो १७२८ च्या सुमारास वेगळा केला. त्यांचे विवेचन १७४५ मध्ये छापले गेल्याने काही ग्रंथांत हेच वर्ष दिलेले आढळते.

विकाराच्या प्राचीनतेबद्दल एकमत नाही. ‘सीलिअ‍ॅक’ हे नाव उदर या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले. कॅपाडोशियाचा वैद्य आरेटीअस (बहुधा इसवी सनाचे पहिले वा दुसरे शतक) याने न पचलेले अन्न मलावाटे पडणाऱ्या जुनाट विकाराचे वर्णन केले आहे; तो आजचाच सीलिअ‍ॅक होता, असे खात्रीने म्हणता येत नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील ग्रहणीदोषाशी (पचन बिघडण्याच्या विकाराशी) त्याचा मेळ घालण्याचा प्रयत्नही होतो. ग्रहणी ही संज्ञा पुष्कळ व्यापक आहे. मराठीत ‘संग्रहणी’ हा शब्द उष्ण कटिबंधातील स्प्रू या वेगळ्या रोगासाठीही वापरला गेल्याने गोंधळ वाढला. लक्षणसाम्य आहे, रोगैक्य सिद्ध नाही, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ग्रहणीवर सांगितलेले ताक मात्र पुढे पाहू त्याप्रमाणे या रुग्णांनाही अनेकदा मानवते.

आधुनिक वर्णन इंग्रज वैद्य सॅम्युएल गी यांचे (व्याख्यान १८८७, प्रसिद्धी १८८८). रोगी बरा व्हायचाच असेल तर तो आहारानेच होईल, हे त्यांनी ओळखले. पण त्यांनी तांदूळ व साबुदाणा वर्ज्य ठरवला आणि पातळ कापून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेला पाव चालेल असे म्हटले. निरुपद्रवी ते बंद आणि अपायकारक ते चालू, असा हा उलटा न्याय होता. त्यांच्या एका बालरुग्णाला रोज डच शिंपल्यांवर ठेवले असता तो सुधारला, आणि शिंपल्यांचा हंगाम सरताच पुन्हा आजारी पडला. १९२४ मध्ये न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुचवला. मुले बरी होत, ती बहुधा केळ्यांमुळे नव्हे, तर पाव बंद झाल्यामुळे.

गव्हाचा दोष दाखवून देण्याचे श्रेय हेग येथील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना दिले जाते. १९४४–४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पावाचा दुष्काळ पडला, सीलिअ‍ॅकची मुले सुधारली, पाव परतताच ती ढासळली आणि डिके यांना कोडे उलगडले, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. ती अगदीच खोटी नाही. पण डिके १९३० च्या दशकातच गहू वगळून पाहत होते आणि साध्या आहाराविषयीचा त्यांचा डच लेख १९४१ चा आहे. दुष्काळाने त्यांच्या शंकेला बळ दिले, शंका आधीची होती, असे मानणे योग्य. त्यांचा प्रबंध १९५० मध्ये उत्रेख्त येथे सादर झाला. व्हान डे कामर व वेयर्स या सहकाऱ्यांसह मलातील स्निग्धांश मोजून दोष गव्हाच्या स्टार्चमध्ये नसून प्रथिनभागात असल्याचे दाखवण्यात आले.

लहान आतड्याच्या अस्तरावर बोटांसारखे सूक्ष्म रसांकुर असतात. सीलिअ‍ॅकमध्ये ते झिजून सपाट होतात. दुधातील शर्करा पचवणारे विकर (एन्झाइम) या रसांकुरांच्या टोकाशीच असते, म्हणून गहू सोडल्यावरही काही महिने दूध प्यायले की पोट गुडगुडते. हा दोष बहुधा तात्पुरता असतो. तोवर दूध आवरून दही-ताक घेणे सोयीचे, कारण विरजताना त्यातील काही शर्करा जिवाणूंनी संपवलेली असते. मुलांचे अस्तर लवकर भरून येते. प्रौढांत दोन वर्षे किंवा अधिकही लागतात.

तक्रार टिकून राहण्याचे सर्वांत सामान्य कारण नकळत पोटात जाणारे ग्लुटेन हेच आहे. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने घेतल्यास अस्तराला इजा होते, असे २००७ च्या एका इटालियन पाहणीत दिसले. एका मध्यम पोळीत साधारण दोन ते तीन ग्रॅम ग्लुटेन भरते, म्हणजे हा पोळीचा पन्नासावा भाग. ‘ग्लुटेनविरहित’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन नसावे, अशी आंतरराष्ट्रीय व भारतीय मर्यादा आहे.

महाराष्ट्रात ज्वारी-बाजरी-नाचणीची भाकरी आणि भात असल्याने हा आहार सोपा समजला जातो. अडचण गिरणीत येते. गव्हावर ज्वारी दळली की जात्यात अडकलेली कणीक पहिल्या पिठासोबत डब्यात उतरते. ‘तांदळावर दळा’ एवढे सांगून भागत नाही, कारण तांदूळही गव्हावरच दळलेला असू शकतो. घरचे लहान जाते किंवा घरगुती चक्की हाच भरवशाचा मार्ग. पिठाची विरी गेली आणि भाकरी थापताना चिरू लागली, तर मूठभर कणीक मिसळण्याची काही घरांत रीत आहे. त्याऐवजी पिठाला कढत पाण्याची उकड काढावी. बाजारी हिंगाच्या डबीत हिंग थोडे आणि मैदा वा अन्य पीठ पुष्कळ असते, तेव्हा डबीवरील घटक वाचावेत. मेतकूट, काही भाजण्या, सातूचे पीठ यांतही गहू येतो. सातू म्हणजे खरे तर जव, पण घरोघरच्या सातूच्या पिठात बहुधा गहू आणि डाळे असतात; अर्थात दोन्ही वर्ज्यच. ओटमध्ये ग्लुटेन नसले तरी त्यात गव्हाची भेसळ सर्रास आढळते आणि मोजक्या रुग्णांना शुद्ध ओटही सोसत नाहीत.

ग्लुटेन खरोखर बंद असूनही पोट फुगत असेल, तर ताटात गव्हाच्या जागी काय आले ते पाहावे. पोळी सोडलेला माणूस बेसनाच्या धिरड्यांकडे वळतो, आणि हरभऱ्यातील काही शर्करा लहान आतड्यात न पचता मोठ्या आतड्यात आंबून वायू धरतात. कांदा-लसणातील फ्रुक्टान याच जातीचा. तो गव्हातही असतो. सीलिअ‍ॅक नसताना ‘गहू सोसत नाही’ म्हणणाऱ्या ५९ जणांवरील २०१८ च्या नॉर्वेतील चाचणीत ग्लुटेनपेक्षा फ्रुक्टाननेच अधिक त्रास दिला. उलट साबुदाणा, तांदळाचे पीठ व बाजारी बिस्किटे यांत चोथा नगण्य असल्याने बद्धकोष्ठ होते. राजगिरा, भगर, नाचणी, पालेभाज्या वाढवाव्यात, पण हळूहळू. इसबगोल घेतल्यास पाणी भरपूर प्यावे.

या विकाराचे भारतातील प्रमाण प्रदेशागणिक बदलते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ते उत्तरेत १.२३, ईशान्येत ०.८७ व दक्षिणेत ०.१० टक्के आढळले. तिन्हीकडे जनुकीय प्रवृत्तीत फारसा फरक नव्हता, गव्हाच्या सेवनात मात्र होता. पश्चिम भारत त्या पाहणीत नव्हता.

वर्षभर काटेकोर पथ्य पाळूनही ढाळ, वजनातील घट आणि सपाट रसांकुर कायम राहिल्यास विकार दुर्दम्य समजतात. त्याचे दोन प्रकार असून दुसरा विरळ, पण आतड्याच्या लसिकार्बुदाकडे (लसिका पेशींच्या कर्करोगाकडे) झुकणारा आहे. हा शिक्का मारण्यापूर्वी मूळ निदान तपासून पाहतात. स्वादुपिंडाची अकार्यक्षमता, लहान आतड्यातील जिवाणूंची अतिवाढ आणि मोठ्या आतड्याचा सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारा दाह या शक्यता वगळतात. ग्लुटेन पचवून देतो म्हणून विकल्या जाणाऱ्या विकरांच्या गोळ्या पथ्याला पर्याय ठरत नाहीत.