ठसका थांबला आणि आम्ही निर्धास्त झालो

माझा भाचा आता नऊ वर्षांचा आहे, तासगावकडं एका गावात राहतो, आणि त्याला निमन-पिक टाईप सी नावाचा आजार आहे. हे नाव घरात कुणाला धड उच्चारता यायचं नाही, आजी अजून "ते निम्मं पिक" म्हणते. लाखा-सव्वा लाखात एखाद्या बाळाला होतो हा आजार. पण मी आज लिहितोय ते पूर्ण आजाराबद्दल नाही, गिळण्याबद्दल लिहितोय, कारण आम्ही सगळे तिथंच चुकलो आणि अशी चूक करणारी घरं आपल्या सांगली-साताऱ्याकडं अजून असणार असं मला मनापासून वाटतं.

झालं असं की पाणी पिताना त्याला सारखा ठसका लागायचा. नाकातून पाणी यायचं, डोळे भरायचे. आणि मग दोनेक महिन्यांनी ठसका कमी झाला. ताई फोनवर म्हणाली, "अरे आता बरंय त्याला, फक्त जेवायला तास लागतो." आम्ही सगळे खूश. त्यानंतर थोड्याच दिवसांत पहिला न्यूमोनिया, मग दुसरा. मिरजेला ॲडमिट केलं तेव्हा कळलं की ठसका थांबला तो गिळणं सुधारलं म्हणून नाही, तर पाणी श्वासनलिकेत जातंय हे त्याच्या घशाला कळायचंच बंद झालं होतं म्हणून. डॉक्टर लोक याला सायलेंट ॲस्पिरेशन म्हणतात, म्हंजे अन्न किंवा पाणी गुपचूप फुफ्फुसाकडं जाणं.

आता गिळणं म्हंजे काय हे आधी बघू, कारण आपल्याला ते काम वाटतच नाही. घास मागं गेला की पुढचं सगळं साधारण एका सेकंदात उरकतं, टाळू वर जाऊन नाकाची वाट बंद करतो, स्वरयंत्र वर-पुढं सरकतं, स्वरतंतू मिटतात, वर एक पडदा झाकणासारखा पडतो, श्वास तेवढा वेळ थांबतो आणि अन्ननलिकेचं तोंड उघडतं. जिभेपासून घशापर्यंत स्नायूंच्या पंचवीस-तीस जोड्या लागतात याला, आणि मेंदूतून थेट निघणाऱ्या पाच नसा. एक जरी स्नायू अर्धा सेकंद उशिरा आला तरी घास चुकतो. आणि सगळ्यात आधी पाणी चुकतं, कारण पाणी थांबत नाही, झाकण पडायच्या आधीच पुढं पळतं.

निमन-पिक सी मध्ये हा उशीर का होतो? आपल्या प्रत्येक पेशीत लायसोसोम नावाच्या बारीक पिशव्या असतात, १९५५ मध्ये बेल्जियमचे शास्त्रज्ञ ख्रिश्चन द दुव यांच्या प्रयोगशाळेनं त्या शोधल्या. मी त्यांना उकिरडा समजतो, आणि हे मी कमी लेखून म्हणत नाही, शेतकऱ्याला उकिरड्याची किंमत माहिती असते. जुनं-पानं तिथं कुजतं आणि खत होऊन परत शेतात जातं. या पोरांच्या उकिरड्यात खत तयार होतं पण गाडी बाहेर निघत नाही. कोलेस्टेरॉल बाहेर काढणारं एनपीसी१ नावाचं प्रोटीन बिघडलेलं असतं (याचा जीन, म्हंजे ते प्रोटीन कसं बनवायचं याची आईबापाकडून येणारी सूचना, १९९७ मध्ये सापडला), मग कोलेस्टेरॉल आणि इतर चरबी तिथंच साठत राहते. प्लीहा आणि यकृत मोठं होतं, पण खरा फटका बसतो मेंदूला, त्यातही लहान मेंदूला, जो हालचालींचा ताल सांभाळतो. चालण्याचा ताल बिघडतो तसाच बोलण्याचा, आणि तसाच गिळण्याचा. आमच्या पोराला जन्मल्यावर कावीळ झाली होती ती लवकर उतरली नव्हती, पुढं जिना उतरताना त्याला डोळे खाली वळवता यायचे नाहीत, खळखळून हसला की अंगातलं त्राण जाऊन पडायचा. हे सगळं या आजाराचंच होतं, पण वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या डॉक्टरांना दाखवलं त्यामुळं जोडलं गेलं नाही.

अजून एक, जे बोलायला जड जातं. ताईचं लग्न आत्याच्या मुलाशी झालंय, आपल्याकडं मामाची मुलगी करणं ही रीतच आहे. हा आजार व्हायला आई आणि बाप दोघांकडून तोच बिघडलेला जीन यावा लागतो, दोघं स्वतः ठणठणीत असतात, आणि प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता असते. नात्यात लग्न झालं की दोघांकडं तोच जीन असण्याची शक्यता वाढते. यात ताईचा काही दोष नाही आणि भावजींचाही नाही, हे मी गावात दहा वेळा सांगितलंय. पण पुढच्या बाळाच्या आधी जेनेटिक तपासणी करता येते हेही सांगायला पाहिजे.

गिळण्याची तपासणी कोण करतं माहितीये का? स्पीच थेरपिस्ट. आम्हाला वाटायचं ते फक्त बोलायला शिकवतात. अन्नात बेरियम, म्हंजे एक्स-रेत दिसणारी पूड, मिसळून खायला देतात आणि एक्स-रेचा व्हिडिओ काढतात. आम्ही तो स्क्रीनवर बघितला, काळी रेघ चुकीच्या वाटेनं खाली गेली आणि पोरगं शांतपणे आमच्याकडं बघत बसलेलं, खोकला नाही की काही नाही. ताई तिथंच रडली.

मग जेवण बदललं. आपल्याकडचं सगळ्यात आवडतं जेवण म्हंजे पातळ आमटीत कुस्करलेली भाकरी, आणि अशा मुलाला नेमकं तेच अवघड, कारण रस्सा आधी पळतो आणि भाकरीचे कण मागं घशात राहतात. दूध-चपातीचंही तेच. आता त्याला नाचणीची घट्ट खीर, घोटलेलं मुगाचं वरण, घुसळलेलं दही, एकसारखं, गुठळी नसलेलं देतात, पाण्यात घट्ट करायची पावडर मिसळतात. आईस्क्रीम घट्ट दिसतं पण तोंडात पाणी होतं म्हणून तेही बंद. शेंगदाणे, बेदाणे आणि अख्खं द्राक्ष तर नकोच (तासगावात राहून द्राक्ष नको म्हणणं सोपं नाही, पण लहान पोरांच्या घशात अख्खं द्राक्ष बुचासारखं बसतं, हे धडधाकट पोरांनाही लागू आहे).

बसवून भरवायचं, पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, एक घास गिळल्याचं दिसल्याशिवाय दुसरा नाही, टीव्ही बंद. जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. पण हे नियम सगळ्या पोरांना एकसारखे नसतात, कुणाला काय हे तपासणी बघूनच ठरतं. दात रोज नीट घासायचे, कारण लाळही फुफ्फुसात जाते आणि तोंडातले जंतू सोबत नेते. आजीची सवय मात्र मांडीवर आडवं घेऊन बोंडल्यानं पाजायची, रडत असलं तरी तोंडात ओतायचं. तिनं असंच सहा पोरं वाढवली. रडताना पोर श्वास आत ओढतं तेव्हा वाट उघडी असते, हे तिला समजावायला मला दोन दिवस लागले. नाकात तेल सोडणंही तिनं मग थांबवलं, ते तेल फुफ्फुसात जाऊन वेगळाच न्यूमोनिया होतो.

जेवणानंतर आवाज ओला, घरघर येतो का, जेवायला अर्ध्या तासापेक्षा जास्त लागतो का, वजन थांबलंय का, कारण नसताना ताप येतो का, हे आता ताई वहीत लिहिते.

औषधं आहेत. मिग्लुस्टॅट युरोपात २००९ पासून या आजारासाठी मंजूर आहे, त्यानं आजार बरा होत नाही पण बिघाडाचा वेग कमी होतो आणि गिळणं जास्त काळ टिकतं. अमेरिकेत सप्टेंबर २०२४ मध्ये अजून दोन औषधांना मंजुरी मिळाली, ॲरिमोक्लोमॉल आणि लेव्हॅसिटिलल्युसिन.

पुढं पोटातून नळी घालावी लागेल असं डॉक्टरांनी सांगितलंय. ताईला ती हार वाटते. मी तिला म्हणालो की नळीनं पोट भरलं की तुझा दिवसातला चार तासांचा घास-घास संपेल आणि तोंडाला चव म्हणून दोन चमचे दही, डॉक्टर हो म्हणाले तर, तरीही देता येईल. ती काही बोलली नाही, त्याचं तोंड पुसलं आणि वहीत वेळ लिहिली.