सायकलवर आपण चष्म्याच्या नेमकं कुठून बघतो?

चष्म्याच्या दुकानात माप घेताना आपण खुर्चीत ताठ बसतो आणि समोर बघतो. डोळ्याची बाहुली काचेवर जिथे येते तिथे चष्मेवाला मार्करने ठिपका देतो आणि भिंगाचा मध्य त्याच्या आसपास बसवतो. चालताना, गाडी चालवताना, टीव्ही बघताना हे माप बरोबर ठरतं. रोडबाइकचं हँडल खालून धरलं की मात्र पाठ वाकते, चेहरा जमिनीकडे जातो आणि रस्ता बघायला डोळे वर फिरवावे लागतात. तो ठिपका तेव्हा नजरेच्या बराच खाली राहिलेला असतो.

किती खाली, याचा हिशोब सोपा आहे. डोळा ज्या बिंदूभोवती फिरतो तो काचेपासून साधारण २६ मिलिमीटर मागे असतो. चेहरा ३० अंश झुकला असं धरलं, तर समोरचा रस्ता बघायला नजर ३० अंश वर जाते आणि काचेला मूळ जागेच्या सुमारे १५ मिमी वर छेदते. आता सध्या चालणारी आडवी, चौकोनी फ्रेम घ्या. काचेची उंची ३२ मिमी आणि बाहुली मध्याच्या किंचित वर, म्हणजे वरच्या कडेपर्यंत जेमतेम १४ मिमी जागा. म्हणजे आपण बघतोय ते फ्रेमच्या काठातून! मग माणूस मान आणखी वर ताणतो, आणि पन्नास किलोमीटरनंतर मानेत भरलेल्या कळेचा दोष सीटच्या उंचीला देत बसतो. त्यात घाम आला की चष्मा नाकावरून आणखी तीन-चार मिमी घसरतो.

म्हणून सायकलसाठी फ्रेम निवडताना मी आधी काचेची उंची बघेन, रंग आणि ब्रँड नंतर. वरचा काठ भुवईपर्यंत जाणारी फ्रेम हवी, किंवा वरचा काठच नसलेली. नाकावरच्या गाद्या रबरी आणि वाकवता येण्याजोग्या असल्या तर चष्मा दोन-तीन मिमी वर उचलून घेता येतो. नेहमीच्या चष्म्याच्या काचा खालच्या बाजूने गालाकडे दहाएक अंश झुकलेल्या असतात, वाचताना त्याचा फायदा होतो. सायकलवर मात्र तोच कल आड येतो, कारण वर बघताना नजर काचेतून आणखी तिरकी जाते. चांगला कारागीर दांड्यांच्या बिजागरीपाशी वाकवून हा कल कमी करून देऊ शकतो.

काठ टळला तरी भिंगाच्या मध्यापासून १५ मिमी दूर बघण्याची किंमत आहेच. तिथे भिंग लोलकासारखं (प्रिझमसारखं) वागतं, म्हणजे चित्र बाजूला सरकवतं. किती, ते प्रेंटिसच्या नियमाने कळतं: मध्यापासूनचं अंतर सेंटिमीटरमध्ये घ्यायचं आणि नंबराने गुणायचं. उणे ४ नंबर, अंतर १.५ सेंमी, उत्तर ६ प्रिझम डायऑप्टर. म्हणजे १० मीटरवरचा खड्डा ६० सेंमी सरकलेला दिसणार. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल तर दोन्ही चित्रं सारखीच सरकतात आणि मेंदू ते सांभाळून घेतो. खरी अडचण नंबर वेगवेगळे असणाऱ्यांची. उजवा उणे २ आणि डावा उणे ४.५ असेल, तर त्याच जागी दोन डोळ्यांत पावणेचार प्रिझम डायऑप्टरचा उभा फरक पडतो. डोळे आडव्या दिशेने बरंच जुळवून घेतात, पण उभ्या दिशेने दोन-तीनच्या पुढे बहुतेकांना जड जातं. घरी, ऑफिसात काहीच त्रास नसताना फक्त सायकलवर दोन-दोन दिसायला लागलं, तर कारण इथे शोधावं. उपायही साधा आहे: सायकलच्या चष्म्यात भिंगाचा मध्य मुद्दाम वर बसवून घ्यायचा. त्यासाठी रिकाम्या काचांची फ्रेम घालून, हेल्मेटसकट, सायकलवर असतो तसं वाकायचं आणि कुणाला तरी बाहुलीसमोर ठिपका द्यायला सांगायचा. दुकानातल्या स्टुलावर बसूनही हे जमतं. लोक बघतात, बघू द्यावं.

चेहऱ्याला लपेटणारे गॉगल ही पुढची पायरी. ते सायकलिंगमध्ये रुजले १९८०च्या दशकाच्या मध्यानंतर. त्याआधी यान यान्सेनने १९६८ साली आणि लोरां फिन्यॉंने १९८३ आणि १९८४ साली टूर द फ्रान्स जिंकली ती साधे चष्मे लावणारे म्हणूनच. लपेटलेल्या काचेने वारा, धूळ, संध्याकाळची चिलटं आणि उसाच्या ट्रॉलीमागे उडणारं पाचट अडतं, हे खरं. पण त्या आकारात नंबर बसवणं सोपं नाही. काच २० अंश वळली की उणे ४ नंबराचं भिंग उणे ४.१६ सारखं वागतं आणि शिवाय सुमारे अर्ध्या डायऑप्टरचा सिलिंडर नंबर, म्हणजे एकाच दिशेपुरता नंबर, आपोआप चिकटतो, मूळ डोळ्यात तो नसला तरी. म्हणून अशा काचा बनवताना वळणाचा कोन मोजून नंबर बदलून घासावा लागतो. दुकानदार हा कोन मोजतो का, एवढं विचारा. ‘होऊन जाईल, नंबर तोच टाकू’ असं उत्तर आलं तर पैसे खिशातच ठेवा. उणे २ च्या आसपास हा गोंधळ फारसा जाणवत नाही. उणे ५ च्या पुढे मी तरी या वाटेला जाणार नाही.

भिंग कशाचं हवं? आधी काच बाद. नेहमीचं साधं प्लॅस्टिकचं भिंगही दगड लागला की तुकडे होऊन फुटू शकतं. उरतात पॉलिकार्बोनेट आणि ट्रायवेक्स ही दोन चिवट प्लॅस्टिकं. अमेरिकेच्या झेड८७.१ या सुरक्षा-चष्म्यांच्या मानकात जोराच्या आघाताच्या चाचणीत ६.३५ मिमीची पोलादी गोळी ताशी सुमारे १६५ किमी वेगाने भिंगावर मारतात. दोन्ही पदार्थांची भिंगं ही चाचणी पार करू शकतात. फरक आहे रंग फाकण्याचा. पांढरा प्रकाश रंगांत किती कमी फुटतो हे ॲबे अंक सांगतो. पॉलिकार्बोनेटचा तो ३० आहे आणि ट्रायवेक्सचा ४३च्या आसपास. अंक मोठा तेवढं बरं. मध्यातून बघताना हे कळत नाही, पण आपण तर १५ मिमी वरून बघतोय; तिथे खांबांच्या आणि पांढऱ्या पट्ट्यांच्या कडांना निळी-पिवळी झालर दिसू शकते. परवडत असेल तर ट्रायवेक्स घ्या.

मोठ्या नंबराच्या लोकांसाठी गॉगलच्या आत नंबरचं छोटं भिंग अडकवायची सोय मिळते. बाहेरची काच बदलता येते, खर्चही कमी. पण सिंहगडाच्या चढावर पावसाळ्यात वेग ताशी सात-आठ किमीवर येतो, वारा थांबतो आणि तोंडाची गरम वाफ दोन थरांमध्ये अडकून सगळं धुकं होतं. पापण्याही आतल्या भिंगाला घासतात.

कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्याबरोबर फिरते, त्यामुळे वर बघा, बाजूला बघा, नजर सतत तिच्या मध्यातूनच जाते. वरची सगळी गणितं तिथे संपतात. त्यावर बिननंबरी गॉगल, बस. रोज फेकायच्या लेन्स घ्याव्यात. धूळ गेली तर बाटलीतल्या पाण्याने डोळे किंवा लेन्स मुळीच धुवू नयेत, कारण पाण्यातला अकँथअमीबा हा जीव लेन्सच्या आडोशाने बुबुळाचा गंभीर संसर्ग करू शकतो. २०० किमीच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायच्या लांब सायकलफेरीला, साडेतेरा तासांची मुदत असते. तेवढा वेळ वाऱ्यात लेन्स कोरड्या पडतात, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेले थेंब आणि एक साधा चष्मा पिशवीत असावा.

रंगाबद्दल थोडक्यात. अतिनील किरण अडवायला काच काळी लागत नाही, पारदर्शक पॉलिकार्बोनेटही ते अडवतं. उन्हात काळी होणारी काच सोयीची असते, पण तिला परत उजळायला काही मिनिटं लागतात आणि कात्रजच्या जुन्या बोगद्यात आपल्याला ती मिनिटं मिळत नाहीत. कडक उन्हाळ्यात ती थंडीतल्याइतकी काळीही होत नाही. रात्री फक्त बिनरंगी.

चाळिशी लागलेल्यांचा प्रश्न वेगळाच. सायकलचा मीटर डोळ्यापासून ६० सेंमीच्या आसपास असतो, म्हणजे वाचनाच्या ४० सेंमीपेक्षा बराच दूर. प्रोग्रेसिव्ह भिंगाचा (वर लांबचा, खाली वाचनाचा नंबर असलेल्या भिंगाचा) खालचा भाग त्यासाठी जास्त पडतो आणि मधली पट्टी अरुंद असते. उतरून चालताना पायाखालची पायरी त्याच खालच्या भागातून धूसर दिसते ती वेगळीच. सायकलसाठी फक्त लांबच्या नंबरचा चष्मा करावा आणि मीटरवर वेग, अंतर आणि वेळ एवढेच तीन आकडे मोठ्या अक्षरात ठेवावेत, असं माझं मत. हृदयाचे ठोके घरी गेल्यावर बघता येतात.